घुबडाची रॅम

मी लिफ्ट दुरुस्त करायचो. एके दिवशी लिफ्ट जागेवर राहिली आणि मीच खाली गेलो. तेव्हापासून कमरेखालचा भाग नावालाच माझा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण विचारावं की विचारू नये असा चेहरा करून लोक समोर बसतात आणि त्या चेहऱ्याचा मला मनापासून वैताग येतो.

पलंगाला एक सरकती फळी लावून घेतली आहे. तिच्यावर कीबोर्ड आणि माऊस, पायथ्याशी स्क्रीन, कॉम्प्युटरचा खोका पलंगाखाली. संध्याकाळी बायको कामावरून येऊन स्वयंपाकाला लागली की मी गेम सुरू करतो. आमची चौघांची टोळी आहे. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, इंटरनेटवरून फक्त आवाज ऐकू येतात, खरी नावंही माहीत नाहीत. मी वस्ताद. एक मावशी, ती बोलते कमी आणि नेम चुकवत नाही. एक टकल्या, त्याचं निम्मं लक्ष टीव्हीवर. आणि घुबड. घुबडाच्या तोंडाला फाटक म्हणून नाही.

"पळ की लेका! पाय काय भाड्याने दिलेस?" असं तो माझ्यावर खेकसायचा आणि मी पडल्या पडल्या खो खो हसायचो. अख्ख्या दिवसात मला पळ म्हणणारा तो एकटाच माणूस होता. बाकीचं जग मला सावकाश म्हणतं. भाऊ फोनवर आवाज बारीक करून बोलतो. बहीण आली की माझ्या चहातली साखर स्वतः ढवळते. माझे हात धडधाकट आहेत हे तिच्या गावीही नसतं. टोळीत मात्र मी आजारी नव्हतो. मी नुसता वस्ताद होतो, आणि चुकलो तर मला शिव्या पडत होत्या.

मग गेमची नवी आवृत्ती आली आणि माझ्या कॉम्प्युटरला ती झेपेना. दार उघडून आत शिरलो की चित्र अडकायचं. ते सुटेपर्यंत मी मेलेला असायचो, आणि माझ्या भरवशावर मागून येणारे तिघंही. रॅम दुप्पट करायला हवी होती, म्हणजे आणखी एक पट्टी, बस. पण बाजारात रॅमच नव्हती. मोठ्या कंपन्यांनी सगळा माल कारखान्यातूनच उचलला, आमच्यापर्यंत येतोय कुठे, असं जो तो दुकानदार सांगायचा. घुबड रोज बोंबलायचा, की कॉम्प्युटर बदल नाहीतर टोळी बदल. त्याच्या बोंबलण्याचं काही नाही. पण मावशी अजिबात बोलेनाशी झाली, तेव्हा मी आणखी चार दुकानांना फोन लावले. एका संध्याकाळी पाहतो तर माझ्या जागी कुणी भलताच घेऊन तिघं आधीच खेळत होते.

त्या दिवशी मी बायकोला म्हणालो, ही जागा गेली तर माझ्याकडे बघायला फक्त छत उरेल. असलं मी सहसा बोलत नाही. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामावरून सुटली की दुकानं पालथी घालायला लागली.

माझ्या अपघातापासून तिच्याकडे एक वाक्य आहे. "घरी पेशंट आहे." या वाक्यावर तिला रांगेत पुढे सोडतात, साहेब लवकर घरी पाठवतात, घरमालक गप्प बसतो. ते बोलताना तिला लाज वाटत नाही, आणि का वाटावी? त्या वाक्यावर आमचं घर उभं आहे. कॉम्प्युटरच्या दुकानांतही तिने ते वापरलं. लोक हळहळले, तिला पाणी विचारलं, पण रॅम कुणाकडेच नव्हती. एकदा कुठूनशी जुनी पट्टी मिळाली तर तिची खाच माझ्या बोर्डाला जुळेना. ती पट्टी हातात धरून बायको बराच वेळ जमिनीवर बसून राहिली.

व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीच्या ताई येतात तेव्हा मला खुर्चीत बसवून बाहेरच्या खोलीत नेतात. कॉम्प्युटर चालूच असतो. तेवढ्यात बायकोने काय केलं ते मला पार्सल आलं तेव्हाच कळलं. पाकिटात बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली रॅमची पट्टी होती आणि एक चिठ्ठी. "जास्तीची पडून होती. काळजी घ्या. घुबड."

काळजी घ्या! घुबड!

"काय लिहिलंस तू टोळीच्या चॅटमध्ये?" मी विचारलं.

"जे खरं आहे तेच. घरी पेशंट आहे, त्याला तेवढाच विरंगुळा आहे." तिचा चेहरा इतका उजळला होता की मला तिच्यावर ओरडता येईना. "किती चांगली माणसं आहेत रे. लगेच पत्ता मागितला."

तिने स्वतःच पलंगाखाली शिरून ती बसवली. मी वरून सांगत होतो, दोन्ही टोकांना सारखा दाब दे, टक वाजलं पाहिजे. टक वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत जळमटं अडकली होती. ती झटकत ती म्हणाली, "आता खेळ मनसोक्त."

संध्याकाळी मी गेलो तर भलता गेला होता आणि माझी जागा रिकामी ठेवली होती. घुबड म्हणाला, "या वस्ताद, तब्येत काय म्हणते?" मला तो अहो-जाहो करत होता. मावशी एरवी दोन शब्द बोलायची नाही, तिने औषधं वेळेवर घेता ना म्हणून चौकशी केली. टकल्याने टीव्ही बंद केला होता.

गेम लोण्यासारखा चालला. दारं धाडधाड उघडत होती. मात्र प्रत्येक दारात आता घुबड अडकत होता. पडून असलेली पट्टी कसली, त्याने ती स्वतःच्या कॉम्प्युटरमधून काढून दिली होती. इतर कुणी असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं. त्याच्यावर आता कुठल्या तोंडाने ओरडणार? बरं, पट्टी परत पाठवली तरी त्यांना जे कळलं ते थोडंच परत येणार होतं?

ते माझ्यासाठी थांबत होते. शत्रू समोर आला की बाजूला होऊन मला गोळी घालू देत होते. मी धडधडीत चुकलो तरी मावशी म्हणत होती, छान प्रयत्न केलात.

शेवटी माझं डोकं फिरलं. आम्ही चौघं एका खोलीत होतो, जिंकायला काहीच उरलं नव्हतं. मी बाँब काढला आणि मुद्दाम, नीट नेम धरून घुबडाच्या पायाशी टाकला. स्क्रीन पांढरी झाली. सगळे मेले. मी कान टवकारून थांबलो. आता फुटेल, आता माझ्या सात पिढ्या काढेल.

"असू दे," घुबड हळू आवाजात म्हणाला. "होतं असं. दमला असाल तर थांबूया?"

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, नीट चालतंय ना आता?

मी म्हणालो, "हो. आता कुठेच अडकत नाही."