तलावावर

"कितीक धुवावं मानसानं. माह्या हाताची सालं निंगाली, पन या पोट्टीले काई समजून नाही राह्यलं," मोरीवर परकर घासता घासता वैजयंती पुटपुटली. मोठ्यानं नव्हे. पलीकडे तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या सासूला ऐकू तर जावं, पण तिला उद्देशून म्हटलं असं होऊ नये, एवढ्याच आवाजात. सुनांना हा आवाज कुणी शिकवत नाही, तो आपोआप येतो.

प्रयागबाईंनी ऐकलं आणि त्या शेंगा सोलत राहिल्या.

वैजयंतीची मुलगी रूपाली. अंगानं एकोणीस वर्षांची, समज पहिलीतल्या मुलीची. पाळी आली की कपडा बांधून घ्यायचं तिला कळत नाही. डाग पाहून घाबरते, नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटते. तिला कळतं ते पाणी. भरलेल्या टाक्याशी बसून, म्हशीच्या पाठीवर थोपटावं तशी ती पाण्यावर थोपटत राहते आणि स्वतःशीच हसते.

उद्या ही धुण्याची कटकट मिटणार होती. वैजयंतीचा भाऊ शेषराव रिसोडहून जीप घेऊन येणार होता आणि वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात रूपालीची पिशवी काढून टाकायची, असं घरात ठरलं होतं. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवी म्हणतात. शब्दच असा, की काढून खुंटीला अडकवली तरी कुणाचं काही बिघडू नये. शेषरावनं डॉक्टरांचं म्हणणंही आणलं होतं. अशा मुलीला मूल झालं तर तेही तसंच निपजायचं, वंशाला कीड कशाला लावून घेता. शिकल्यासवरल्या माणसानं सांगितलेलं, त्यामुळे कुणी प्रश्न विचारला नाही.

घरात कारण सांगितलं जायचं ते धुण्याचं. खरं कारण सोयाबीन निघालं त्या दिवसांतलं. रूपाली जगदेवच्या गोठ्याकडून घरी आली ती फाटलेल्या कुर्त्यात, फुटलेल्या ओठानं, पाठीला सगळं कुटार, मळणीचा भुसा, चिकटलेलं. जगदेवच्या मळणीयंत्राशिवाय गावातल्या कुणाचं सोयाबीन घरी येत नाही. वैजयंतीनं पोरीला न्हाऊ घातलं. तिच्या बापानं, भागवतनं, कुर्ता चुलीत घातला. पाळी आली तेव्हा घरानं सुटकेचा निःश्वास सोडला, आणि त्यानंतर जगदेवचं नाव निघालं नाही. पिशवीचं निघालं.

दुसऱ्या दिवशी जीप दारात उभी राहिली तशी रूपाली न्हाणीत जाऊन बसली. तिला गाडीचा वास सहन होत नाही. वैजयंतीनं गोड बोलून पाहिलं, गुळाचा खडा दाखवला. मग भागवतनं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. चौकटीला तिनं दोन्ही हात आवळून धरले, तेव्हा त्यानं तिची बोटं एकेक करून उचकटली. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं कानशिलात हाणली, एकदा नाही. तिचं नाक फुटलं. शेषरावनं म्हशीचं दावं आणलं आणि पाय बांधून टाका म्हणाला, वाटेत उडी मारली तर कोण निस्तरणार.

भागवत माणूस वाईट नव्हता. पोरीच्या नाकातलं रक्त पाहून त्यानं शेषरावच्या हातातलं दावं काढून घेतलं. ते खाली टाकून तो तिच्यासमोर उकिडवा बसला, उपरण्यानं तिचं तोंड पुसलं आणि त्याला सुचलं ते आमिष त्यानं दाखवलं.

"रडू नोको, माय. चाल, आपन तलावावर जाऊ."

रूपाली थांबली. तिनं बापाकडे पाहिलं. मग आत पळत गेली, टॉवेल घेऊन आली आणि स्वतःहून जीपमध्ये चढून बसली.

ओसरीवर नानाजी बसले होते, तिचे आजोबा. तसे चुलत आजोबा, कारण भागवत त्यांच्या वीज पडून गेलेल्या भावाचा मुलगा, यांनी रांगत्या वयापासून सांभाळलेला. नानाजींना स्वतःचं मूल नाही. त्यांची बायको प्रयागबाई वांझ, हे गावानं फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. म्हाताऱ्यासमोर तलावाचं नाव काढलं की तो जेवणावरून उठतो, एवढंच भागवतला माहीत. त्याला वाटे, लहानपणी कधी बुडता बुडता वाचला असेल.

ती आणीबाणीची गोष्ट. तेव्हा हा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. गरिबाची पोरं देशाला जड झाली, असं वर कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं, आणि मास्तरांपासून तलाठ्यापर्यंत प्रत्येकाच्या मागे नसबंदीसाठी माणसं आणायचा आकडा लावला होता. सरकारी जीप दिसली की गावातले पुरुष तुरीत लपत. म्हणून एक दिवस जीप आलीच नाही, ट्रक आला. तलाव खोदायचा आहे, रोजी मिळेल, अशी कोतवालानं दवंडी दिली. दुष्काळात असल्याच कामांवर माणसं तगली होती. टिकाव, फावडी घेऊन ती आपणहून चढली. नानाजी तेव्हा बाविशीचे, नव्या लग्नाचे.

ट्रक तलावाकडे वळला नाही. ते कळल्यावर एकानं धावत्या ट्रकमधून उडी टाकली. त्याची मांडी मोडली, आणि मोडल्या मांडीनंच त्याला फरफटत नसबंदीच्या तंबूत नेलं. नानाजींनी टिकाव उगारला, तर शिपायाचा दंडुका तोंडावर बसला आणि पुढचे दात मातीत पडले. मूल आहे का, हे कुणी विचारलं नाही. चौघांनी हातपाय दाबून धरले. कापलं तेव्हा अंग नीट बधिरही झालं नव्हतं. बाहेर भोंग्यावर देशाच्या प्रगतीचं भाषण चालू होतं.

ते परत आले तेव्हा धोतर रक्तानं कडक झालं होतं. त्यांच्या आईनं ते परसात पुरलं आणि आपला नाना ट्रकमधून पळून आला, असं गावभर सांगितलं. पोराला कुणी नामर्द म्हणू नये म्हणून. ट्रकमधले बाकीचे आपापलं झाकण्यात होते, कुणी ते खोडलं नाही. मग मूल का होत नाही, याचा दोष कुणाच्या तरी अंगावर टाकायलाच हवा होता. सासूनं तापलेला विळा प्रयागबाईंच्या पोटावर ठेवला. वांझपण उतरावं म्हणून. नानाजी तिथंच उभे होते.

पुढे सरकार बदललं, तंबू उठले. पण फसवून न्यायचं, धरून कापायचं आणि हे तुझ्याच भल्याचं म्हणायचं, ही रीत मागं राहिली. आता तिला शिपाई लागत नाही. घरचे हात पुरतात.

भागवत जीपमध्ये चढत होता तेव्हा नानाजींची काठी त्याच्या मनगटावर बसली. हाडाचा आवाज झाला. दुसरा घाव त्यांनी जीपच्या काचेवर घातला. शेषराव धावला, त्यानं म्हाताऱ्याला मागं ढकललं, आणि नानाजी ओट्याच्या कडेवर पडले. कपाळातून रक्त आलं, तरी काठी सुटली नाही. आत रूपाली टॉवेल छातीशी धरून विचारत होती, "तलाव?"

भागवत हात पोटाशी धरून कळवळत होता. रागात त्याच्या तोंडून गेलं, "तुमाले काय समजते लेकराचं? तुमाले कधी झालं का?"

शेंगांचं सूप बाजूला ठेवून प्रयागबाई उठल्या. आधी त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर पदर दाबून धरला. मग त्याच हातानं लुगड्याची निरी खाली ओढून पोटावरचे काळे व्रण दाखवले, सुनेच्या माहेरच्या माणसासमोर, भर अंगणात.

"त्याईले काहून नाही झालं, ते मी सांगतो," त्या म्हणाल्या. "त्याईलेबी तलावावरच नेलं होतं. टरकात बसवून. तिकून आले ते असे. त्याईले कापलं आन् मले डागलं. सारा जलम मी वांझ म्हनून घेतलं, पन तोंड नाही उघडलं. माह्या नातीले तलावावर नेता?"

नानाजींनी मान वर केली नाही.

शेषराव मात्र शहाणा. सरकारचं ते वेगळं होतं, बाई, म्हणाला. तो जुलूम होता, हे घरचं आहे, पोरीच्या भल्याचं. उद्या काही झालं तर चार लोकांत तोंड कुठं दाखवायचं, याचा विचार कोण करणार. मग बहिणीकडे वळून, घाईनं, जीपमध्ये बस म्हणाला.

वैजयंतीच्या हातात कालचा परकर होता, वाळत घातलेला, घडी करायला घेतलेला. तिनं तो जीपमध्ये बसलेल्या पोरीच्या मांडीवर पांघरला, तिला हाताला धरून खाली उतरवलं आणि भावाकडे पाहिलं. या वेळी तिचा आवाज शेजारच्या तीन घरांत गेला.

"काई झालं तर म्हनजे काय, दादा? झालं ना. जगदेवनं केलं. आमी साऱ्याईनं पाह्यलं, आन् तिची आंघोय करून टाकली. पिशवी काढली म्हनजे तो थांबन का? फकस्त त्यानं केलेलं दिसनार नाही. जगदेवनं पाप केलं, आन् कापाले माही पोरगी?"