चार बांद्यांचं अक्षर

"अन् पाणी कुठून जाईन, साहेब?"

पंचफुलानं बांदीच्या, म्हणजे भाताच्या खाचराच्या, चिखलात काडीनं चौकोन काढला होता. आत एक उभी रेघ, एक आडवी. खालच्या रेघेत मात्र बोटभर फट. मोरितासाहेबानं ती फट अंगठ्यानं बुजवली. तिनं पुन्हा उघडली.

"बांदीले तोंड नसन तं धान सडते. तुमच्या जपानात सडत नाही का?"

रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या बाया कंबर धरून हसल्या. तुळसा तर बांधावर बसलीच. पवनीजवळच्या सरकारी बीजफार्मवर एकोणऐंशी साली आलेला हा तिशीचा जपानी मोडकं हिंदी बोलायचा. त्यानं विचारलं, "रोपा लगाया. अब पानी रखना, कि छोड़ना?"

रोवल्यावर बांदीचं तोंड बंद करतात. बावीस पावसाळे पंचफुला तेच करत आली होती. तिनं फट स्वतःच्या हातानं बुजवली.

田

जपानीत हे बांदीचं अक्षर. ते शिकायची ही खटपट कशाला, तर पाट्यांसाठी. फार्मवर प्रयोगाच्या अठरा बांद्या होत्या. कोणत्या बांदीत कोणतं वाण, ते लिहून पाट्या रोवायच्या होत्या. मोरितानं त्या कामाला पंचफुलाचं नाव घेतलं, कारण रोपाचं पान नुसतं चोळून वाण ओळखणारी ती एकटीच. कारकून भय्याजी खुर्चीतच उसळले.

"साहेब, ये अंगूठेवाली है! काय व पंचफुला, प्रौढ शिक्षणाच्या वर्गातून तीनदा पळाली ना तू? अ आ नाही आलं अन् पाट्या लिहिते म्हणे!"

पळाली होती, खरंच. सातवीतल्या पोरीनंही शेवटी पाटी उचलून ठेवली होती. "आई, तुह्या डोक्यात अक्षर बसतच नाही." पंचफुलाला ते पटलंही होतं. पण घरात पटणं वेगळं आणि अठरा बायांपुढे ऐकणं वेगळं.

"साहेबाचं अक्षर शिकून दाखवलं तं?"

"जपानी?" भय्याजींनी चष्मा काढला. "आठ दिवसांत शिक. पाट्या तुह्या. नाही तं पुन्हा या कामाचं नाव काढू नको."

उच्चार.

"इसके दो नाम," मोरिता म्हणाला. "अकेला, तो ता. दूसरे अक्षर के साथ बैठा, तो बहुत बार देन."

"एकाले दोन नावं काहून?"

"अक्षर चीन से आया. वहाँ का नाम साथ लाया."

पंचफुला दिवसभर ओणवी होऊन रोवत होती आणि ते घोळवत होती. दुसऱ्या दिवशी आली ती सांगतच आली, "समजलं. हे अक्षर सून हाय!"

तिचं माहेरचं नाव रंभा. सासरी आली आणि पंचफुला झाली. पण आसगावचा भाऊ भेटला की अजूनही रंभाच. "सासरी एकटी ऱ्हायली तं ता. माहेरच्या माणसायत बसली का देन."

मोरितानं खिशातून वही काढली आणि हे उतरवून घेतलं. इतकी वर्षं शाळेत काढून त्याला कोणी असं सांगितलं नव्हतं.

उपयोग.

ताउए, म्हणजे रोवणा. सुइदेन, म्हणजे पाणी भरलेली बांदी. युदेन, म्हणजे जमिनीतून तेल निघतं ती जागा.

"तेलाची बांदी?" तुळसा म्हणाली. "तिथं रोवाले मले नोका पाठवू माय, पाय सटकन!"

आठवा दिवस.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाया कचेरीच्या पडवीत जमल्या. पंचफुलानं खडू घेतला. आधी डावी रेघ. मग वरून वळून उजवीकडे उतरली. मधली उभी. मधली आडवी. खालचा बांध सगळ्यात शेवटी. मोरितानं त्या अक्षराचे तीन शब्द लिहिले. कुठे ता, कुठे देन, तिनं न अडखळता सांगितलं, अर्थासकट. तेलाच्या बांदीपाशी बाया पुन्हा हसल्या.

भय्याजी शब्दाला पक्के. त्यांनी हजेरीचा कागद काढला, पंचफुलाच्या नावापुढे नवं काम लिहिलं आणि शाईची डबी सरकवली.

"लाव अंगठा."

तिनं डबी बाजूला केली. टाक उचलून रकान्यात ते अक्षर काढलं.

"हे नाव नाही झालं, बाई. सरकारले मराठी लागते."

"मंग थांबा थोडे दिवस. बाबूजी, माह्या नावातलं पहिलं अक्षर कोणतं?"

"प."

"किती रेघायचं?"

भय्याजींनी हवेत बोट फिरवून पाहिलं. "तीन."

"तीनच?" पंचफुला म्हणाली. "अन् त्याच्यासाठी मी तीनदा पळाली?"

या वेळी भय्याजीही हसले.

पुढच्या हजेरीला तिनं पूर्ण नाव लिहिलं. प भोपळ्याएवढा झाला, फु घसरला, आणि ला तर रकान्याची रेघ ओलांडून खाली तुळसाच्या जागेत उतरला.

"माह्या घरात कायले घुसली व?" तुळसा ओरडली.

"तू लिहाले शिक. मंग काढ मले."

तुळसानं डबीत टेकवलेला अंगठा उचलला आणि तसाच, निळा, हवेत धरून ती त्या नावाकडे बघत राहिली.