नळीत राहिलेली गोळी

मी बोलतोय, टेबलावरचं जुनं पिस्तूल. कोणाला ऐकू जातंय देव जाणे, पण आज गप्प बसवत नाही.

माझ्या शेजारी पडलंय ते माझंच धाकटं भावंड. कारखाना एक, घडण एक. मूठ तशीच, नळी तशीच. फक्त त्याचा रंग शाबूत आहे आणि माझा मुठीपाशी पार उडालाय. मी बँकेवरच्या पहारेकऱ्याचं, ते त्याच्या लेकीचं. बापामागोमाग तीही याच कामाला लागली. मग काय, आम्हाला समोरासमोर ठेवून दोघांची जुंपायची.

"बाबा, तुमचं म्हातारं झालं आता. माझ्या पिस्तुलातलं गोळ्यांचं मॅगझिन काढलं की चाप दाबला तरी ढिम्म! नळीत गोळी असली तरी."

"असेना का. हाताला आळस लागतो अशाने. आधी नळीत बघायचं."

तो मॅगझिन काढायचा, वरचा भाग खटकन मागे ओढायचा आणि नळीत डोकावायचा. ताट वाढून निवलं तरी चालेल, पण हे चुकायचं नाही. मला त्याच्या शिस्तीचा कंटाळा यायचा. आज तीच आठवून जीव तुटतोय.

गेल्या महिन्यात पहाऱ्यावरच त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सोबत्यांनी मला पट्ट्यासकट घरी आणून दिलं आणि कोणीतरी कपाटात ठेवलं. त्या धावपळीत मला रिकामं करायचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही. नळीत एक गोळी तशीच आहे.

आज लेक मला पुसून बंदुकांच्या दुकानदाराकडे देणार आहे. शिकवल्याप्रमाणे तिने माझं तोंड कोणी नसलेल्या बाजूच्या भिंतीकडे केलं, मॅगझिन काढलं आणि म्हणाली, "झालं रिकामं."

कुठलं रिकामं! धाकट्याचं मॅगझिन काढलं की चाप दाबून तो ढिम्म आहे ना, एवढंच ती बघते. तिच्या बोटांना तीच सवय जडली आहे.

आतल्या खाटेवर बाप तळमळतोय. मॅगझिन निघाल्याचा आवाज त्याने ओळखला. पुढचा खटका मात्र आलाच नाही. त्याला कळलंय. घशातून नुसती घरघर निघतेय.

"आई, बाबांना तहान लागली वाटतं. पाणी दे गं जरा."

आई हातातलं शिवण ठेवून उठली. पाण्याचा जग त्याच भिंतीच्या फळीवर आहे. ती आमच्याकडे पाठ करून पेला भरतेय. लेकीची मान खाली, फडक्याची घडी घालण्यात लक्ष. एक बोट चापावर आलंय.

पोरी, थांब! तुझा बाप पाणी मागत नाहीये गं. वरचा भाग एकदा मागे ओढून बघ, तुझ्या पाया पडतो. धाकट्याला अडवणारी कळ त्याच्या पोटातच आहे, माझ्यात तसलं काही नाही. तू चाप दाबलास की मला सुटावंच लागेल, आणि समोर तुझी आई उभी आहे.