पाण्याच्या टाकीवरच्या कृत्तिका

गल्लीत त्याला ओळंबा म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि दोरी न लावता रेघ अशी ओढायचा की गवंड्यानं तिच्यावरून भिंत तपासावी. माणूस गुणी, हात सोन्याचा. आडमुठेपणा फक्त एका खात्यात: चष्मा. तो शब्द निघाला की चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्याचा ब्रश भांडी घासायला मागितलाय.

आणि नेमकी लेक निघाली डोळे तपासणारी. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' विचारायची. अख्ख्या गावाची नजर तिच्या हाती, फक्त बापाची सोडून.

गेल्या पंधरवड्यात औषधांच्या दुकानाची पाटी संपवून उतरताना ओळंब्याची पायरी चुकली. खाली रंगाचा डबा होता. डबा गेला, ओळंबा वाचला. निळा पाय घेऊन घरी आला आणि येताक्षणी शिडीला नावं ठेवली.

"पायरी दिसली नाही असं म्हणा ना," बायको म्हणाली.

"मला दिसत नाही? पेपर बिनचष्म्याचा वाचतो मी. तुझ्या सुईत दोरा कोण ओवतं?"

"तेच तर, बाबा," लेक म्हणाली. "या वयात जवळचं इतकं छान दिसतं म्हणजे लांबचं बिघडलेलं असायची शक्यता जास्त."

"म्हणजे छान दिसणं हाही आजारच झाला आता."

"पाच मिनिटं दुकानात या."

"त्या तक्त्यावरची अक्षरं कुणी काढलीत बघितलंस का? एकाला कंबर नाही, दुसऱ्याला मान नाही. मी नाही वाचणार."

लेकीनं वर बोट दाखवलं. "अक्षरं नकोत ना? मग गच्चीवर चला. कृत्तिका मोजा. जुन्या काळी नजर अशीच पारखायचे. सहा तारे वेगवेगळे दाखवलेत तर मी चष्म्याचा विषय सोडला, कायमचा. नाही दाखवलेत, तर चष्मा लागेपर्यंत शिडी माझ्या ताब्यात."

शिडी गेली की ओळंबा जमिनीवरचा. मग उरणार गाड्यांचे नंबर आणि 'येथे थुंकू नये'. पण गडी चटकन तयार झाला, आणि ते चटकन होणंच संशयास्पद होतं. कारण कृत्तिकांची गोष्ट लेकीला लहानपणी सांगितली होती त्यानंच.

जेवणाआधीच तिघं वर गेली. गल्लीतला खांबावरचा दिवा बंद पडला होता. एरवी त्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्या बायकोला आज तो बंद असल्याचंच बरं वाटलं. अंधाराला डोळे सरावेपर्यंत लेकीनं त्यांना पाण्याच्या टाकीला टेकून बसवलं.

"ते मृगाचे तीन तारे. त्या रेघेनं वर जा. तांबूस दिसतेय ती रोहिणी. आणखी तसंच पुढे, तो पुंजका."

ओळंब्यानं मान वर केली न केली. "सहा," तो म्हणाला.

"इतक्यात मोजले?"

"मोजायचं काय त्यात? सात ऋषींच्या सात बायका. सहाजणींवर नवऱ्यांनी संशय घेतला, घराबाहेर काढलं. अरुंधती तेवढी घरी राहिली. या सहाजणींनी कार्तिकेयाला वाढवलं. आया सहा, म्हणून पोराला तोंडंही सहा. एकीनंही रुसू नये."

"काढणारे सहाच्या सहा मोकळे," बायको म्हणाली. "वर सप्तर्षी म्हणून आकाशात मिरवतात."

"दुसरीकडे हीच गोष्ट सात बहिणींची आहे," लेक म्हणाली. "त्यातली एक हरवली म्हणतात. बाबा, गोष्ट मलाही पाठ आहे. कुठली कुठे आहे ते दाखवा. हा घ्या खडू, ही टाकी. काढा."

इथे ओळंबा सापडला. तोंडानं तो सहा काय, साठही म्हणाला असता. पण हातात खडू आला की या माणसाला खोटं जमत नसे. वस्तादानं दोनच गोष्टी शिकवल्या होत्या: जसं दिसेल तसंच काढायचं, आणि लांबचं बघताना डोळे बारीक करायचे. त्यानं डोळे बारीक केले. एक ठिपका काढला. दुसरा. बराच वेळ वर पाहून तिसरा, चौथा. मग हात थांबला. शेवटी त्यानं खडू आडवा धरला आणि ठिपक्यांभोवती एक पुसट डाग घासला.

"आता डोळे बारीक न करता बघा."

त्यानं पाहिलं. चारही ठिपके हातानं पुसले आणि नुसता डाग ठेवला.

टाकीकडे तो बघतच राहिला. "सगळ्यांना असंच दिसतं ना?" त्यानं बायकोला विचारलं. "डोळे बारीक केल्याशिवाय?"

"मला सहा दिसतात," ती म्हणाली. "लग्नापासून."

लेकीनं पिशवीतून तपासणीची गोल चौकट काढली, त्याच्या नाकावर ठेवली आणि एकेक भिंग सरकवत गेली. तिसऱ्या भिंगाला ओळंब्यानं चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"हे कुणी टाचले?"

"होतेच ते. आता जरा बाजूला बघा, म्हणजे त्यातले अंधुकही दिसतील. कडेच्या नजरेला कमी उजेड पुरतो."

"चोरून बघायचं म्हण की." तो पुन्हा टाकीकडे वळला. खडू आता टकटक चालला: आखूड दांड्याची चिमुकली पळी उमटली, तिच्या कडेला दोन बारके ठिपके. "आठ. तुझ्या सात बहिणींतली हरवलेली सापडली, वर आणखी एक."

"दुर्बिणीतून डझनावारी दिसतात. एकूण हजाराच्या आसपास."

"सख्ख्या की चुलत?"

"सख्ख्या. एकाच ढगातून जन्मल्यात, अजून एकत्रच चालतात. वय दहा कोटी वर्षं असेल."

"म्हाताऱ्याच की."

"छे. आपला सूर्य साडेचारशे कोटींचा."

"मग या अजून पाळण्यात," बायको म्हणाली. "आणि गोष्टीवाल्यांनी यांनाच पोर सांभाळायला दिलं."

"हा उजेड निघाला त्याला चारशेवर वर्षं झाली," लेक म्हणाली.

"चारशे वर्षं चालून बिचारा आला, आणि मी त्याचा डाग केला." ओळंब्याला हे फारच लागलेलं दिसलं. चौकट काढायला तो तयार नव्हता. तशीच घालून बायकोकडे वळला.

"माझ्याकडे नका बघू त्यातून," ती म्हणाली. "आकाशच बघा."

शिडी लेकीच्या खोलीत गेली. आठवड्यानं चष्मा आला. तो लावून ओळंबा बाजारातून फिरून आला आणि जेवताना कुणाशी बोलला नाही. बायकोनं दोनदा विचारलं, नाक दुखतंय का. शेवटी लेकीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "तुझ्या दुकानाची पाटी. शेवटचं अक्षर बोटभर वर चढलंय."

"कुणाला दिसतंय ते?"

"मला. औषधांच्या दुकानाची खालची रेघही कललीय. माझ्या आणखी चार पाट्या तशाच आहेत. शिडी काढ."

ठरलं होतं तसं तिनं शिडी दिली. दुसऱ्या सकाळी ओळंबा चौकात चढला आणि बायको खाली शिडी धरून उभी राहिली. चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघू लागली.

"पायरी दिसते ना?" तिनं विचारलं.

"दिसते. तिच्यावरचे रंगाचे ओघळही दिसतात. शिडी इतकी घाण कुणी ठेवलीय?"

"तुम्हीच," ती म्हणाली, आणि पकड जरा सैल केली.