बाबांचा अडलेला श्वास

सुमन, फोन कानाशी नीट धर आणि ऐक. हसतेस काय, शहाणे? हे दुपारचं घोरणं ऐकून "बाबा मस्त झोपलेत" म्हणतेस. आम्हीही इतकी वर्षं तेच म्हणत आलो. कडब्याच्या गंजीतून उन्हाळी वारा घरघरत जावा तसा हा आवाज चढत जातो आणि एकाएकी थांबतो. छाती हलते, पोट ओढ घेतं, पण श्वास आत जात नाही. मग एक हिसका, घशात काही फुटल्यासारखा आवाज, आणि तुझे बाबा परत येतात. दर वेळी थोडे कमी होऊन.

भूकंप झाला तेव्हा मी तुझ्या वेळच्या बाळंतपणासाठी माझ्या माहेरी, उमरीला होते. कोसळलेल्या मातीच्या माळवदाखालून यांना ओढून काढलं तेव्हा तोंडात माती भरलेली होती म्हणे. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये सगळेच दचकून उठायचे, म्हणून यांचं गुदमरून उठणंही गावानं धास्तीच समजलं. "भूकंपाचं भ्या हाय, जाईल हळूहळू," जो तो म्हणायचा. कुणी अंगारा लावला, कुणी ताईत बांधला.

लातूरला येऊन क्लासच्या पोरांसाठी मेस काढली. अंग सुटलं, मान जाडावली. वरणाची पळी हातात धरून उभ्या उभ्या डोळे मिटायचे. पोरं चिडवायची, "काका, परीक्षा आमची अन् जागरण तुमचं?" हेही हसायचे, पण सकाळीच डोकं ठणकायचं आणि चेहऱ्यावर संध्याकाळ उतरलेली असायची.

डॉक्टरांनी ओळखलं तोवर हृदय थकून गेलं होतं. निजल्यावर घशाचं मांस सैल पडून श्वासाची वाट बुजते, म्हणाले. असं घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. हवा रेटणारं यंत्र दिलं. त्याचा मास्क चढवला की हे दोन्ही हातांनी उपटून टाकतात, "माती आली तोंडात, काढ." नाकापुरता लहान आणला, तरी तेच. डॉक्टरही समजावून थकले.

"अहो, नुसती हवा हाय ती," मी म्हटलं.

"तुला न्हाई कळायचं. तू नव्हतीस तिथं."

 यांच्याशेजारी बसून असते, आणि हात हातात असतानाही, फार पूर्वी दुरावलेल्या कुणाला आठवावं तसे हे मला आठवत राहतात. माणूस समोर असतानाच त्याची आठवण येऊ लागली, की काळानं त्याला अर्धं नेलेलंच असतं. सुट्टीची वाट बघू नकोस. लवकर येऊन जा.