भुऱ्याची राखण

धुळ्यात नाल्याच्या काठाला कुत्र्यांसाठी बाग केलीय, हे हिलाल आबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. चारी बाजूंनी जाळी, मधे हिरवळ, आणि आत गेल्यावर कुत्र्याचा पट्टा सोडायचा, म्हणजे त्याने मोकळं खेळायचं! साक्रीकडच्या त्यांच्या गावात कुत्र्याला खेळायला न्यायचं म्हटलं असतं, तर लोकांनी आधी माणसाच्या डोक्याला हात लावून पाहिला असता.

आज मात्र हसायची सोय नव्हती. रविवारची सकाळ होती, नाल्याचा वास नाकात बसत होता, आणि भुऱ्याची साखळी आबांनी हाताला दोन वेढे देऊन धरली होती.

आबांची बायको झुंबरबाई गेली आणि त्यांना गावी एकटं ठेवायचं नाही म्हणून मुलाने इकडे आणलं. आबांची एकच अट होती, भुऱ्या बरोबर येईल. अंगाने वासरासारखा, मातीच्या रंगाचा, उभा जन्म खळ्यावर राखण केलेला कुत्रा. गावात त्याचं नाव होतं. इथे अपार्टमेंटमध्ये त्याने महिनाभरात सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. रात्रभर जिन्यात उभा, दिवसा गॅलरीत बांधलेला तरी गुरगुरणारा. दूधवाला खालूनच हाका मारायचा. गॅसची टाकी तळमजल्यावरच राहायची.

शेवटी सोसायटीची चेअरमन दीपमालाताई वर आली. बाई वाईट नव्हती. तिच्याकडेही ब्रूनो नावाचा लॅब्राडोर होता. तिने आबांच्या सुनेला, सुलक्षणाला सांगितलं, "रविवारी त्याला बागेत आणा. मोकळा सोडा. माणसांत, कुत्र्यांत नीट राहिला, तर मी मीटिंगमध्ये तुमच्या बाजूने बोलेन. नाहीतर त्याला गावी पाठवा."

गावी म्हणजे पुतण्या वनाकडे. वनाच्या दारात कुत्रं टिकत नाही, हे आबांना ठाऊक होतं. आणि भुऱ्या गेल्यावर या तिसऱ्या मजल्यावर आपणही टिकणार नाही, हेही ठाऊक होतं. झुंबरबाईच्या मागे, शेवटपर्यंत तिच्या हातचं खाल्लेलं दुसरं कोण उरलं होतं?

"आबा, घाबरू नका," सुलक्षणा म्हणाली. तिचाच चेहरा उतरला होता.

"मी कसाले घाबरू?" आबा म्हणाले आणि फाटकाशी दोनदा ठेचकाळले.

फाटकावर कादरभाई बसायचा. बागेची राखणदारी त्याच्याकडे होती. त्याने भुऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि खुर्चीखालची काठी जवळ ओढली.

आत दोन-चार कुत्री उंडारत होती. दीपमालाताई बाकावर होती, तिची पोरगी चिऊ गवतात बसून फुलं तोडत होती. नुकती पळायला शिकलेली, गुबगुबीत पोर. आबांनी लिंबाच्या बुंध्याशी भुऱ्याला उभं केलं आणि साखळी काढली. ऊन चढत होतं, म्हणून खांद्यावरचं उपरणं काढून तिथेच गवतावर टाकलं, त्याच्याकडे बोट केलं, काहीतरी पुटपुटले आणि हात धुवायला नळाकडे वळले. भुऱ्या शहाण्यासारखा जागचा हलला नाही. दीपमालाताईने लांबून मान डोलावली. सुलक्षणाच्या जिवात जीव आला.

आबा नळाशी पोहोचले असतील-नसतील, मागून दीपमालाताईची किंकाळी आली.

चिऊ दुडुदुडु चालत लिंबाखाली आली होती आणि त्या उपरण्यावर ऐसपैस बसली होती. भुऱ्या तिच्यावर चारी पायांचा मांडव करून उभा होता. ब्रूनो खेळायला म्हणून धावत आला, तर भुऱ्याने असे दात दाखवले की ते एवढं मोठं लॅब्राडोर शेपूट घालून बाकाखाली शिरलं. दीपमालाताई धावली. भुऱ्याच्या नरड्यातून घरघर निघाली, आणि ती होती तिथेच थिजली.

"माझी मुलगी! अहो, कोणीतरी धरा त्याला!"

चिऊने आईचा आवाज ऐकून भोकाड पसरलं. उठायला म्हणून तिने भुऱ्याचा कान धरला आणि ओढला. भुऱ्याने कान ओढू दिला. पण मान वळवली नाही. नजर आईवर.

कादरभाई काठी घेऊन आला. "बाजू हो जाओ!"

"मारू नको रे!" आबा ओरडले. "काठी उचली तं तो झेप लिन! पोर खाले शे!"

कादरभाईने काठी खाली घेतली, पण टाकली नाही.

आबा साखळी घेऊन पुढे झाले. "भुऱ्या, ये. ये इकडे." भुऱ्या हलला नाही. आबा आणखी एक पाऊल सरकले, तर तो त्यांच्यावरही गुरगुरला. धन्यावर! सगळी बाग बघत होती. आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाच तो कुत्रा, ज्याच्यासाठी आपण पोराच्या घरात वाईटपणा घेतला.

आणि मग त्यांची नजर उपरण्यावर गेली.

खळ्यावर दाण्याची रास पडली की संध्याकाळी ते भुऱ्याची साखळी काढायचे, राशीवर उपरणं टाकायचे, बोट दाखवायचे आणि म्हणायचे, 'राखजो रे.' मग सकाळपर्यंत त्या राशीला परमेश्वरही हात लावू शकत नव्हता. स्वतः हिलालही नाही; त्यांनीच तसं शिकवलं होतं आणि गावभर फुशारकी मारली होती. मघाशी नळाकडे वळताना आपण काय पुटपुटलो, ते आता त्यांना ऐकू आलं.

भुऱ्या पोरीला धरून बसला नव्हता. तो तिची राखण करत होता. उपरण्यावर बसली म्हणजे त्याच्या लेखी ती राशीतलीच होती.

"चूक मनी शे," आबा बोलून गेले. "मीच त्याले राखाले सांगं."

"मग आता उठायला सांगा ना!" सुलक्षणा रडवेली होऊन ओरडली.

इथेच तर सगळं अडलं होतं. कामाला लावायचे आबा. सोडवायची झुंबरबाई. आबा भल्या पहाटे म्हशींकडे जात. उजाडल्यावर ती भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर यायची, राशीपाशी उकिडवी बसायची आणि त्या दांडग्या कुत्र्याशी लेकरासारखं बोलायची. आबा तिची टिंगल करायचे. ते शब्द त्यांनी हजारदा ऐकले होते, तोंडाने कधीच काढले नव्हते. ती गेल्यापासून तर तिचं नावही काढलं नव्हतं.

"बस रे भुऱ्या!" ते दरडावून म्हणाले. "दिन उगना!"

दिवस उगवल्याचं ऐकून भुऱ्याचा एक कान हलला. बाकी काही नाही.

चिऊ आता हुंदके देत भुऱ्याच्या पायाला लटकली होती. दीपमालाताई पुढे झेपावणार हे आबांना दिसलं. त्यांनी साखळी फेकून दिली. गुडघे कुरकुरले तरी ते गवतात उकिडवे बसले, झुंबरबाई बसायची तसेच, आणि रिकामा तळहात पुढे केला. बोलायला गेले आणि आवाज फाटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, ते चारचौघांत, पोरीबाळींसमोर.

"बस रे मना राजा," ते म्हणाले. "दिन उगना. आते नीज. बठ्ठं जागावर शे."

सगळं जागेवर असल्याचं ऐकून भुऱ्याची मान खाली आली. त्याने चिऊला चुकवत पाय उचलला, हळूहळू चालत आला आणि आबांच्या रिकाम्या तळहाताला नाक लावलं. भाकरी नव्हती. त्याने हातच चाटला.

दीपमालाताईने पोरीला उचललं, तपासलं. साधा ओरखडा नव्हता. "उद्याच्या उद्या हा बिल्डिंगमधून गेला पाहिजे," ती म्हणाली, आणि तिचं काय चुकलं होतं?

पण भुऱ्या तिथेच आडवा झाला होता. चारी पाय ताणून, तोंड उघडं टाकून, घोरत. आबा बघत राहिले. झुंबरबाई गेल्यापासून त्यांनी त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी दाराशी साखळी काढताना सवयीने आपण 'राखजो' म्हणत आलो. सकाळी 'बस' म्हणणारं कोणी नव्हतं. जनावर तेव्हापासून कामावरच उभं होतं. बाई गेली, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आबांनी ते सगळं सांगितलं, अडखळत, तिथेच बसून. दीपमालाताईने ऐकलं आणि ती पोरीला घेऊन गेली. घरी येऊन आबांनी वनाला फोन लावला आणि टेम्पो आणायला सांगितलं. रात्री त्यांनी 'राखजो' म्हटलं नाही, तरी भुऱ्या सवयीने जिन्यात जाऊन उभा राहिलाच.

सकाळी भुऱ्याचं भांडं पिशवीत भरताना दाराबाहेर कोणीतरी बोलताना आबांनी ऐकलं. सुलक्षणा जळगावात वाढलेली, बँकेत नोकरी करणारी. अहिराणीचा एक शब्द तिने या घरात उच्चारला नव्हता. ती जिन्यात उकिडवी बसली होती, हातात पोळीचा तुकडा.

"बस रे मना राजा," ती चाचरत म्हणत होती. "दिन उगना. आते नीज."

भुऱ्याने पोळी खाल्ली आणि पायपुसणीवर अंग टाकलं. खालून दूधवाला आला, थबकला, मग भिंतीला चिकटून त्याच्या बाजूने पलीकडे गेला. भुऱ्याने डोळासुद्धा उघडला नाही. दूधवाल्याच्या मागे ब्रूनोला घेऊन दीपमालाताई उभी होती.

"हे त्याला रोज म्हणावं लागेल," ती म्हणाली. "कोण म्हणणार?"

"मी म्हणेन," सुलक्षणा म्हणाली.

आबांनी भांडं पिशवीतून काढून परत जागेवर ठेवलं. मग वनाला फोन लावला. "टेम्पो नको रे," ते म्हणाले. "बठ्ठं जागावर शे."