भिकुबाईच्या ओट्यावरची जपानी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि माझ्या दोन्ही अंगांना उपदेशच लिहिलेला आहे. चोपड्याच्या हाशम पेंटरनं मला आधी 'येथे थुंकू नये' असं रंगवलं. ज्यांनी करायला सांगितलं ते न्यायला आलेच नाहीत. बहुधा त्यांच्याकडचं थुंकणं आपोआप थांबलं असावं. मी दुकानाच्या कोपऱ्यात उभी राहून गंजाची वाट बघू लागले.

मग भिकुबाई आली. ती गुडघे दाखवायला जळगावला गेली होती आणि रेकी शिकून परत आली होती. रेकी म्हणजे दुखत्या माणसावर हात ठेवून शांत बसायचं. जपानात एक जण डोंगरावर उपास करून बसला आणि खाली येऊन हे शिकवू लागला, असं तिला वर्गात सांगितलं होतं. त्यानं रोज म्हणायला पाच वाक्यं दिली. हाशमनं ती माझ्या कोऱ्या अंगावर निळ्या रंगात उतरवली: 'फक्त आज रागावू नको. काळजी करू नको. उपकार मान. मन लावून काम कर. सगळ्यांशी मायेनं वाग.'

भिकुबाईनं मला ओट्यावर टांगलं. रोज सकाळी ती 'आज' या शब्दावर अंगठा ठेवून पाचही वाक्यं म्हणायची. गल्लीतल्या बायका पाठ, मान, सासू, जे दुखत असेल ते घेऊन यायच्या. ती हात ठेवायची. सासू काही बरी व्हायची नाही, पण बाई हलकी होऊन जायची. ते माझे वैभवाचे दिवस.

तिचा नवरा लोटन नाना केळी कापणीचा मुकादम. स्वभावानं पेटती काडी. त्याची एकुलती मुलगी सारिका, तिनं विहारगल्लीतल्या बौद्ध मुलाशी लग्न केलं. दोन गल्ल्यांचं अंतर, पण नाना तिचं नाव काढत नव्हता. पाटी मात्र त्याला पटली. रोज मला वाचून तो म्हणायचा, "आज राग नही. सकाय देखसूत." उद्या बघू. असा त्याचा राग रोज उद्यावर जायचा. पण सारिकाला बोलवायचं निघालं की तेही तो उद्यावरच टाकायचा. राग आणि बोलावणं, दोन्ही उद्यावर एकाच जागी साचत गेलं.

भिकुबाई अंथरुणाला खिळली. सारिकाचा सासरा वना केळीच्या गाड्या भरायचा. तो एका सकाळी ओट्याखाली येऊन उभा राहिला. पोरगी आईसाठी झुरते आहे, हे सांगायला आला होता, पण आधी त्यानं मला सावकाश वाचलं.

"नाना, आमनं बी पाचच शेतस," तो म्हणाला. आमचीही पाचच, म्हणजे पंचशील. त्यानं समजावलं, की तुमच्यात राग नको म्हणतात, आमच्यात हिंसा नको म्हणतात. रागाचंच पुढं ते होतं. बुद्धाचं म्हणणं इथूनच तिकडं जपानात गेलं, आता फिरून चोपड्यात आलं, एवढंच. "पन एकदाव लिसन भागत नही. लगीन राहो, मयत राहो, दर येळे नवं लेनं पडस." शील मध्येच निसटतं म्हणून दर वेळी परत घ्यावं लागतं.

मग त्यानं सारिकाचं विचारलं. आतून भिकुबाईनंही हाक मारली. नाना माझ्याकडे बघत राहिला. "सकाय," म्हणाला.

मित्रांनो, मला अक्षरं असून बोलता येत नाही. तो शब्द माझ्यावर कुठंही लिहिलेला नव्हता.

भिकुबाई त्याच दुपारी गेली. मयताच्या घरी बोलावणं लागत नाही, अशी आपली रीत आहे. म्हणून सारिका आली. आईच्या थंड कपाळावर तिनं हात ठेवला, बराच वेळ. नानानं मान वर केली नाही. सारिका परत गेली. आता पुन्हा बोलावणं लागणार होतं.

नानानं मला उलटं टांगलं. भेटायला येणारे 'येथे थुंकू नये' वाचून तोंडातली तंबाखू गिळून बसायचे. एवढा मान भिकुबाईला कुणी जिवंतपणी दिला नव्हता.

एका सकाळी त्यानं मला सरळ केलं आणि बघतच राहिला. 'आज' होता तिथं नुसता पत्रा होता. तिच्या अंगठ्यानं शब्द पार खाल्ला होता. मी सगळी निळी आणि मधे तेवढी एक चकचकीत जागा.

तो मला काखेत मारून हाशमकडे गेला. हाशम म्हणाला, नाना, सगळीच नव्यानं करू, गंजही चढलाय. "बठ्ठं नको," नाना म्हणाला. "तो एकच शब्द."

हाशमनं तेवढा शब्द रंगवला आणि मला वाळायला ठेवायला निघाला. नानानं हातातून घेतलं. घराकडे वळायच्या नाक्यावर तो वळला नाही. सारिकाच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या सदऱ्याला निळा रंग लागला होता.

"आज उनू, पोरी," तो म्हणाला. आलोय, एवढंच. ती दारातच उभी राहिली. आधी त्याच्याकडे बघत, मग त्याच्यामागे, जिथं आई असायला हवी होती.

आता मी तिच्या दारावर असते. मित्रांनो, जुन्या पाटीला अधूनमधून तेलाचं फडकं मारत जा. आणि कुणाला बोलवायचं राहून गेलं असेल, तर रंग वाळायची वाट बघू नका.